नात एकटी डोंगरावर गेली त्याबद्दल

अण्णा, आधी तक्रार. तुमच्या नातीने माझी साबणाची डबी लसणाची चटणी भरून डोंगरावर नेली, आणि घासून धुतली असं शपथेवर सांगून परत दिली. आज सकाळपासून माझ्या अंगाला फोडणीचा वास येतोय. मनीषनगरातल्या सभ्य वस्तीत हे शोभत नाही.

तर ती सातपुड्यातल्या आपल्या महादेवाला जाऊन आली. एकटी. तुम्ही नरखेडकडच्या शाळेत संस्कृत शिकवत होतात तेव्हा दरवर्षी माणसं जमवून तिथे जायचात, आणि अकरा भरल्याशिवाय पाऊल उचलायचा नाहीत. मीही तिला तेच ऐकवलं: रान आहे, अस्वलं आहेत, सोबत हवी. ती म्हणाली, "बाबा, अकरा जण असताना शिंपीकाका कसे हरवले ते सांगा ना." घाव वर्मी बसला. त्या वर्षी मी कॉलेजात होतो आणि सगळ्यांच्या शेवटी चालत होतो. काका मोहाच्या झाडाखाली टेकले आणि झोपले. पुढच्यांना वाटलं मागे आहेत. मी म्हणालो, पुढे असतील. ओढ्याशी तुम्ही डोकी मोजता, तर दहाच. तासाभराने काका सापडले, ताजेतवाने, आणि उलट आम्हालाच विचारतात, "कुठी गेल्ते गा तुमी सारे?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणालात, "'असतील' म्हणणारा सोबती नसतो."

नातीने 'असतील'ला जागाच ठेवली नाही. वाट, परतायची वेळ, सगळं दोन कागदांवर लिहिलं; एक मला, एक पायथ्याच्या चहावाल्याला. पाचपर्यंत आले नाही तर शोधायला निघा. वर फोन लागत नाही, म्हणून साडेतीनपासून मी चहावाल्यालाच छळतोय. चौथ्या फोनला तो म्हणाला, "काका, काहून घाबरून राहिले? पाच तं वाजू द्या! मी कागद घेऊनच बसून राहिलो ना!"

पाचाला वीस मिनिटं असताना तिचा स्वतःचा फोन आला. "बाबा, दर्शन झालं! अस्वलही भेटलं!" रानात आवाज करत चालावं, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होतं, हे तुमचंच शिकवणं. पण एकट्या माणसाने बोलायचं कुणाशी? म्हणून बाईसाहेब लहानपणी तुम्ही घोकून घेतलेलं 'रामः रामौ रामाः' खड्या आवाजात म्हणत चालल्या होत्या. वळणापलीकडे अस्वलाने मान वर केली, षष्ठीपर्यंत ऐकलं आणि करवंदीच्या जाळीत निघून गेलं. अण्णा, तुमच्या वर्गात षष्ठीपर्यंत कुणी जागं राहिल्याचं मला आठवत नाही. ही विद्या पोटाला काय देणार म्हणून गावाने तुम्हाला जन्मभर चिडवलं. आता येऊ दे कुणी विचारायला! मी चारही मजले उतरून बिल्डिंगभर पेढे वाटले. "एकटीला कसं हो सोडलंत?" म्हणणाऱ्याच्या तोंडात दोन कोंबले.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून खरं ते लिहितो. अस्वलाचं भय मला आता उरलं नाही. ती हिमतीने एकटी गेली, की 'चल' म्हणावं असं तिला कुणीच नव्हतं, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.