खाडीचा पट

अंजूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चिंधूदादास,

भाविकचा नमस्कार. अकलोलीला तू, मेघाली वहिनी आणि छोटी बरे असाल. गरम पाण्याच्या कुंडावर आता थंडीची गर्दी सुरू झाली असेल, तेव्हा तुझी नारळपाण्याची गाडीही बरी चालत असणार. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय.

इकडे भात कापून झाला. आमच्या शेताच्या पलीकडे आणखी एक गोडाऊन उभं राहिलं, त्यामुळे आता घरातून खाडी दिसत नाही. मैदानावर रोलर फिरायला लागलाय, डिसेंबरच्या सामन्यांसाठी. चुन्याच्या रेघा तू मारायचास तशा कोणाला जमत नाहीत. मागच्या रविवारी क्रीज एवढी वाकडी निघाली की कप्तान भूपेशने ती पायाने पुसून पुन्हा मारायला लावली. तुझं नाव कोणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

आत्याचा उजवा गुडघा सुजतो. औषध आणून दिलंय. घेते की नाही, देव जाणे.

आता मुद्द्याचं. सव्वीस जानेवारीचं. तुला हे माहीत आहे, तरी मी सुरुवातीपासून लिहितोय, कारण उद्या हा कागद तू कोणाला दाखवलास तर त्यालाही नीट समजलं पाहिजे.

मंडळाच्या खोलीत दर रविवारी आम्ही तिघं खेळायला बसायचो. मी, भिवंडीहून येणारा जुबेर आणि शाळेत चित्रकला शिकवणारी मनाली. पट, पत्ते, फासे, लाकडी सोंगट्या. तुम्ही मैदानावरची माणसं आम्हाला लुडोवाले म्हणायचात. बायकांसारखे घरात बसून खेळतात, चेंडू लागला तर रडतील, असं चालायचं. आम्ही उलट बोलायचो नाही. पण दार लावलं की आम्हीही तुमच्यावर हसायचो, हे तुला माहीत नसेल. डोकं गहाण ठेवून बोंबलणारी जनता, असं मीच म्हणायचो. तुझी नक्कल मी करायचो. तुझं "हाय", "न्हाय", सामन्यात ताशा वाजवताना तू तोंड कसं करतोस, ते सगळं. मनाली हसून लोळायची. जुबेर हसायचा, पण कमी.

त्या वर्षी जुबेरने स्वतःचा खेळ बनवायला घेतला होता. खाडीचा पट. त्यावर आपली गावं, रेतीच्या होड्या, मिठागरं, भरती-ओहोटी. सोंगट्या त्याने शिसवीच्या तुकड्यांतून कोरल्या होत्या. चित्रं मनालीची. नियम मी लिहिले होते. दीड वर्ष लागलं. फेब्रुवारीत पुण्याला एका खेळ छापणाऱ्यांकडे तो दाखवायला न्यायचा होता.

सव्वीस जानेवारीला सकाळी सामने होते आणि तुम्हाला खेळाडूंच्या जेवणासाठी खोली हवी होती. आम्ही उठलो नाही. अर्धा तास, अर्धा तास करत बसलो. तेव्हा तू दारात येऊन म्हणालास, "पोरांनो, उठा रे. न्हायतं सगल्या सोंगट्या खाडीत ओतीन." मैदानावरच्या पाचपन्नास जणांनी ते ऐकलं. तू हसत म्हणालास, हे मात्र फक्त आम्ही तिघांनी पाहिलं. आम्ही खेळ पेटीत भरला, पेटी फळीवर ठेवली आणि बाहेर पडलो.

दुपारी अंतिम सामना. आपण दोन धावांनी हरलो. त्याच वेळेत खोलीत पेटी फुटली. पट मधोमध मोडलेला, पत्ते पाण्यात भिजलेले, सोंगट्या मागच्या गटारात. संध्याकाळी जुबेरने दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पुढचं सगळं गावाने आपोआप केलं. हरलेली टीम, चिडलेला चिंधू, सकाळची धमकी. अंगाने दांडगा, तोंडाने शिवराळ, गोडाऊनमध्ये गोण्या उचलणारा. कोणाला पुराव्याची गरजच वाटली नाही. शिवाय खेळ जुबेरचा होता. जुबेरचं नाव जुबेर असल्यामुळे म्हाताऱ्या मंडळींना भीती वाटली, उद्या याचं भलतंच काही व्हायचं. त्यांना प्रकरण त्याच दिवशी मिटवायचं होतं. त्यासाठी एक माणूस लागत होता.

बैठकीत भूपेशने मला विचारलं, "तू दुपारी खोलीकडे गेला होतास. चिंधू दिसला?"

मी म्हणालो, "दिसला नाही. आवाज ऐकला त्याचा."

तुझा आवाज त्या दुपारी अख्ख्या गावाने ऐकला होता, दादा. सीमारेषेवर ताशा वाजवत ओरडत होतास तू. मी खोटं बोललोही नाही आणि खरंही बोललो नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू उभा राहून म्हणालास, "मी जागेवरना हाललो न्हाय, इचारा कोनालापन." पण सामना रंगात असताना तुझ्याकडे बघत कोण बसलं होतं?

पेटी मी फोडली.

हे वाक्य लिहायला मला नऊ महिने लागले. कारण लिहितो, सबब म्हणून नाही. नियमांचा कागद पेटीत राहिला होता, तो आणायला मी दुपारी खोलीत गेलो. पेटीला नवीन झाकण होतं. पुण्याला न्यायचं म्हणून जुबेरने ते रंगवून आणलं होतं. सकाळच्या घाईत माझं लक्ष गेलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, कल्पना जुबेर, चित्रं मनाली. संपलं. माझं नाव कुठेच नव्हतं. मी आधी फक्त झाकण खरवडायला लागलो. मग पट गुडघ्यावर घेतला. मग माठ ओतला. मैदानावर लाऊडस्पीकरवर शेवटचं षटक चाललं होतं, त्यामुळे मोडल्याचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. आम्ही डोक्याने खेळणारे, मारामारी तुमच्याकडची, असं मी वर्षभर बोलत होतो.

भूपेश आपल्या टीमचा कप्तान आणि गोडाऊनचा सुपरवायझरही. दुसऱ्याच दिवशी त्याने तुला हमालांच्या टोळीतून काढलं. मी त्याच ऑफिसात बसतो. हजेरीच्या यादीतून तुझं नाव मीच कमी केलं.

यापुढचं तुला ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी आत्या, तुझी आई, आमच्या घरी आली आणि म्हणाली, मला जुबेरच्या घरी ने. मी तिला बाईकवर मागे बसवून भिवंडीला नेलं. जुबेरची आई, माजिदाबाई, दारात आल्या. आत्या त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला वरच्यावर धरलं, आत बसवलं, पाणी दिलं. आत्या त्यांना सांगत होती, पोर तोंडाचा वाईट हाय पन मनाचा न्हाय, त्याला माफ करा. मी बाजूच्या खुर्चीवर बसून सरबत प्यायलो.

परत येताना खाडीच्या पुलावर तिने मला थांबायला सांगितलं. गाडीवरून उतरली. म्हणाली, "भाविक, तू माझ्या भावाचा पोर. मना खरा सांग. चिंधूनंच केला ना?"

मी म्हणालो, "हो, आत्या."

त्या संध्याकाळी तिने तुझ्यावर हात उचलला. बायकोपोरीसमोर. चार दिवसांनी तू अकलोलीला सासुरवाडीला गेलास आणि तेव्हापासून आईशी बोलला नाहीस. गावात सगळे म्हणतात, ताशावाल्या चिंधूची आई भलती कडक. कडक नव्हती ती, दादा. तिला मी सांगितलं होतं.

आता तू विचारशील, आजच का. दिवाळीनंतर जुबेरने मला घरी बोलावलं. त्याने खेळ पुन्हा बनवला आहे, अगदी पहिल्यापासून. झाकणावर सगळ्यात वर होतं, नियम भाविक तरे. म्हणाला, मागच्या वेळी रंगाऱ्याने तुझी ओळ गाळली होती, सव्वीसच्या संध्याकाळी मी ती परत करून घेणार होतो. मला तिथे बसवेना. मी त्याला तिथेच सगळं सांगितलं.

त्याने झाकण उलटं करून ठेवलं. मला वाटलं, मारेल. मग म्हणाला, "मी चिंधूला एकदाही विचारलं नाही रे. त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, हाच असणार." मग दार उघडून उभा राहिला. मी निघालो. त्यानंतर आमचं बोलणं नाही. तो मात्र अकलोलीला तुझ्याकडे येणार आहे असं मनालीकडून कळलं. तो आला तर त्याला परत पाठवू नकोस. त्याचा दोष माझ्याइतका नाही.

भूपेशलाही सांगितलं. तो म्हणाला, मिटलेलं कशाला उकरतोस, तुझ्या नोकरीचं बघ. मंडळाच्या लोकांनी ऐकून घेतलं आणि डिसेंबरच्या सामन्यांचा विषय काढला. तुझी माफी मागायला हवी, असं त्यांच्यातला एकही जण म्हणाला नाही. तेव्हा तुझं नाव गावात माझ्या बोलण्याने धुऊन निघालं, असं खोटं तुला लिहीत नाही.

मग आज दुपारी आत्याकडे आलो. ती ओटीवर वाल सोलत होती. मी सांगत गेलो, ती सोलत राहिली. संपल्यावर सूप बाजूला ठेवलं, आत गेली, छोटीची इथे राहिलेली वही आणि पेन घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवलं.

"लिव," म्हणाली. "फोनवर तो ऐकनार न्हाय. मी हितं बसल्ये, सगला लिव."

तर हे पत्र मी तुमच्या ओटीवर बसून लिहिलं आहे, तुझ्या आईसमोर. तीन तास झाले. ती उठलेली नाही आणि मला पाणी विचारलेलं नाही. प्रत्येक पान मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. पुलावरचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. एका जागी मी तुझ्याबद्दल 'चिडलेला' लिहिलं, तेव्हा म्हणाली, माझा पोर चिडला नव्हता, हरल्यावर तो रडत घरी आला होता. ते इथे लिहितो.

तुझ्याकडे माफी मागायची मला लाज वाटते, म्हणून मागत नाही. हा कागद तुझा आहे. भूपेशला दाखव, पोलिसांना दे, कुंडावर भिंतीला लाव. मी नाही म्हणणार नाही.

शेवटी आत्याने तिच्या शब्दांत एक ओळ घालायला सांगितली आहे. ती अशी: "चिंधू, मी तुला इचारला न्हाय. दुसऱ्याला इचारला."

खाली माझी सही आहे, पूर्ण नावाने. त्याखालची अक्षरं तिची. एवढंच लिहिता येतं तिला. ती तिने स्वतः काढली आहेत, मी हात धरलेला नाही.

भाविक रघू तरे

जानकी