गिरणीतला रिकामा कॅमेरा

आई, पिक्चर पूर्ण झाला. तासाभराचाही नाही, त्याला पिक्चर म्हणावं का याची मला अजून शंकाच आहे, पण आत्या सगळ्या गावाला पिक्चरच सांगत फिरते, म्हणून मीही तोच शब्द लिहितो. हे तुझ्या स्टुडिओत बसून लिहितो आहे. भिंतीपलीकडे अण्णांची गिरणी चालू आहे. तू पासपोर्ट फोटो कापायला बसलीस की टेबल थरथरायचं, तसंच ते आत्ता थरथरतं आहे, आणि अक्षर बिघडू नये म्हणून मी मध्येमध्ये पेन उचलून थांबतो. टेबलाच्या पायांखाली तू घातलेले सायकलच्या ट्यूबचे तुकडे अजून तसेच आहेत. तू भिंतीवर थाप मारून म्हणायचीस, "अहो, तुमचं पीठ तुमच्या बाजूला ठेवा, माझ्या लेन्सवर येतंय!" आणि अण्णा पलीकडून ओरडायचे, "सांगितलंय मी त्याला, ऐकत न्हाई त्ये!" दळण घेऊन बसलेल्या बाया हसायच्या. श्रीगोंद्यात एका पत्र्याखाली दळण आणि फोटो दोन्ही मिळणारं आपलं एकच दुकान असावं.

पिक्चरची गोष्ट मला तुझ्यामुळेच मिळाली. मिरजगावचं ते लग्न. मी दुसरी-तिसरीत असेन, फ्लॅशच्या बॅटऱ्यांची पिशवी माझ्या गळ्यात. आजोबांच्या नगरच्या स्टुडिओतून तू माहेरची भेट म्हणून आणलेला कॅमेरा तुझ्या हातात, आणि त्याच्या लेन्सचं झाकण नेहमीसारखं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेलं. हळदीच्या खोलीत, नवरी नटते त्या खोलीत बायकांना पुरुष फोटोग्राफर नको असायचा, म्हणून लांबलांबून तुला बोलावणं यायचं. त्या दिवशी जेवणं उरकली, तू संपलेला रोल काढून पिशवीत टाकलास, आणि तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या तुझ्यासमोर येऊन उभी राहिली. "समद्यांचं फोटू झालं. आमी काय भांडी घासाया आलोय व्हय?" तू तिला खुर्चीवर बसवलंस, तिचा पदर सारखा केलास, मान किंचित वळवलीस आणि फ्लॅश मारलास. मग सुनेबरोबर, मग नातवाला मांडीवर घेऊन. बाई हळूहळू खुलत गेली. मला मात्र राहवेना. मी मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आई, कॅमेऱ्यात रोलच नाहीये!"

तू दचकली नाहीस. "रोल भरायच्या आधी चेहरा बघून घेत होते, ताई. उगाच डोळे मिटले तर वाया जायचा," असं म्हणून तू नवा रोल काढलास, सावलीत पाठ करून भरलास आणि तिचा एक खरा फोटो घेतलास. परतताना टेम्पोत मात्र माझी खरडपट्टी निघाली. "रोल फोटोसाठी असतो, फ्लॅश माणसासाठी असतो. हे कळेपर्यंत लग्नात तोंड उघडायचं नाही." मला काहीच कळलं नाही, नुसतं रडू आलं. पण तो फोटो धुऊन आला तेव्हा तू तो बाहेरच्या काचेत लावलास. काय दिसत होती ती बाई त्यात! रिकाम्या फ्लॅशांनी तिचा रुसवा आधीच उतरवला होता, रोलला फक्त उरलेली बाई टिपायची होती. हे मला आता, बारावी अर्धवट सोडून दिल्यावर, तुझ्यामागे इतकी वर्षं लग्नांत उभा राहिल्यावर समजतं.

माझ्या पिक्चरमध्ये त्या बाईचा फोटो काढायचा राहूनच जातो. भावाच्या मुलाच्या लग्नातल्या फोटोत आपण नाही, एवढ्यावरून ती बरीच वर्षं भावाशी बोलत नाही. मग तिच्या गावची गिरणी मोडते आणि ज्वारीचा डबा घेऊन तिला भावाच्याच गिरणीत यावं लागतं. भाऊ म्हणजे अण्णा, बहीण म्हणजे आपली आत्या, गिरणी आपली. सगळं घरचं, म्हणून परवडलं. शेवटी ती चिमूटभर पीठ बोटांत चोळते आणि म्हणते, "बारीक दळलंय." तेवढंच. त्या दोन शब्दांत तिचा राग गेलेला दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर पिक्चर म्हणजे नुसतं दळण. मला दुसऱ्या कशाची भीती नव्हती, फक्त ह्या शेवटाची होती.

आणि तो काढायचा कशावर? माझा पुण्याचा एक मित्र शूटिंगवर कॅमेरा विभागात मदतनीस आहे. तो एसटीनं आला तो चादरीत गुंडाळलेला जुना सोळा एमएमचा कॅमेरा मांडीवर घेऊनच. चावी भरायचा, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखा. सोबत कुठल्या कुठल्या शूटिंगमधून उरलेले, मुदत संपलेले तीन रोल. "रोल फुकट, कॅमेरा फुकट," तो म्हणाला. "पत्र्याच्या भोकातून ऊन येतं आणि त्यात पीठ उडतं, ते फिल्मवर कसं दिसेल याचा विचार कर." मी दुसरा कसला विचार करत नव्हतो. पण रोल धुवायला लांब पाठवायचा, धुतलेला मग कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, त्याचा खर्च वेगळा, आणि तोवर काय निघालं हे कुणालाच ठाऊक नाही. एक चावी अर्धा मिनिट चालते, एक रोल तीन मिनिटंही पुरत नाही, आवाज वेगळा रेकॉर्ड करून जुळवायचा. माझा लग्नाचा डिजिटल कॅमेरा मात्र कार्ड भरेपर्यंत चालतो आणि घेतलेलं तिथल्या तिथे दाखवतो. त्याचा एकच दोष. मी चाचणी घेतली तेव्हा पिठावर ऊन पडलं की सगळा ढीग नुसता पांढराफेक झाला, चुन्यासारखा, दाणा म्हणून दिसेना. मग मला तू हळदीच्या खोलीच्या खिडकीला लावायचीस तो बटर पेपर आठवला. तो पत्र्याच्या भोकाखाली ताणून बांधला, कॅमेऱ्यात उजेड थोडा कमी घेतला, आणि पीठ पुन्हा पीठ दिसू लागलं. तरी माझं ठरेना. रोज सकाळी डिजिटल, रोज संध्याकाळी फिल्म. शेवटी अण्णा म्हणाले, "तुजी आई रोलवर काढायची, तू कशावर बी काढ. पर लवकर काढ, ज्वारीला किडं लागत्याल." मी डिजिटल ठरवलं आणि मित्राला तसं कळवलं. तो म्हणाला, कॅमेरा राहू दे, येईन तेव्हा नेईन.

पहिल्या दिवशी मी जे भोगलं ते ऐकून तू हसशील. कारखान्याचा हंगाम चालू, उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून दारावरून जात होते, त्यामुळे प्रत्येक चांगला शॉट एखाद्या गाण्यात बुडत होता. पण ट्रॅक्टर निघून तरी जायचे, आत्या कुठे जाणार? ती वाक्य अर्ध्यावर सोडून कॅमेऱ्याकडे बघायची. "आता बोलू का?" मी म्हणायचो, आत्या, बोलायचंच होतं. "मंग परत घे की. पैसं पडत्यात का याला?" अण्णा पलीकडून म्हणायचे, "पुसता येतंय ना त्ये? मंग घाई काय हाय, आक्के. च्या घिऊ आदी." पुसता येतं हे एकदा कळल्यावर दोघांना कशाचीच फिकीर उरली नाही. ती रागावलेली बहीण सोडून सगळं करत होती, तो अवघडलेला भाऊ सोडून सगळं करत होता. संध्याकाळी मी सगळं बघितलं. प्रत्येक शॉट स्पष्ट, नीट, आणि एकातही जीव नाही. एका शॉटमध्ये तर आत्या "बारीक दळलंय" म्हणून लगेच विचारते, "बरूबर म्हनलं का रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी झाडताना मला ते मिरजगाव आठवलं. मी चादरीतून चावीचा कॅमेरा काढला, पुसला, स्टँडवर बरोबर आत्यासमोर उभा केला. माझा डिजिटल कॅमेरा बाजूला, पोत्यांच्या थप्पीवर ठेवला. "आज मोठा कॅमेरा आहे," मी म्हणालो. "पुसता येत नाही. हा बाजूचा आपला नुसता अंदाजाला." चावी भरली. तो कर्र कर्र आवाज ऐकून आत्यानं आपोआप पदर खांद्यावरून घेतला. अण्णांनी टोपी नीट केली. मी बटण दाबलं आणि ते यंत्र घरघरू लागलं, गिरणीच्या आवाजाखाली, मांजरासारखं. आई, त्यात रोल नव्हता. तिन्ही रोल खराब होऊ नयेत म्हणून फ्रीजमध्ये होते. ह्या वेळी मी तोंड उघडलं नाही.

आणि काय सांगू! आत्या बाहेरून आली ती डबा असा आपटून खाली ठेवत आली की अण्णा खरोखर बिचकले. ती त्यांच्याकडे बघेना, ते तिच्याकडे बघेनात. ज्वारी गिरणीच्या तोंडात ओतली, पट्टा फिरला, पीठ आलं, आणि उन्हात ते असं उडालं की मला मित्राला फोन करून सांगावंसं वाटलं, बघ, दिसतंय. मध्ये दोनदा मी चावी परत भरली. मग अण्णांनी मोटर बंद केली. पट्टा फटफट करत मंदावला. आत्यानं चिमूटभर पीठ घेतलं, चोळलं, आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "बारीक दळलंय." अगदी लिहिलं होतं तसं. चांगलं म्हणाली. पण शेवट म्हणावा असं ते अजूनही नव्हतं. तेवढ्यात कॅमेऱ्याची चावी संपली. घरघर थांबली, पट्टाही थांबला, आणि गिरणी इतकी शांत झाली की बाहेरची चिमणी ऐकू आली.

आत्यानं श्वास सोडला. "झालं बाई एकदाचं." मग तिची नजर भावाच्या तोंडावर गेली. भुवया, मिशा, कानसुद्धा पांढरे. "आरं, त्वांड बग तुजं! ती असती तर तुला आदी नळाखाली उभा केला असता, मंग फोटू काढला असता."

"आन म्हनली असती," अण्णा म्हणाले, "तुमचं पीठ तुमच्या बाजूला ठेवा."

आत्या पदराच्या टोकानं त्यांच्या भुवया पुसायला गेली, ते मागे सरकले, तिनं त्यांचा कान धरला, लहानपणी धरत असेल तसा, आणि पुसल्या. अण्णांना शिंक आली. मग दोघं जी हसायला लागली ती थांबेचनात. मी हललो नाही. पोत्यांवरचा माझा कॅमेरा चालूच होता.

मी त्याच संध्याकाळी दोघांना ते इथे तुझ्या टेबलावर दाखवलं, आणि विचारलं, हे ठेवू का, कारण मोठ्या कॅमेऱ्यात रोल नव्हता आणि बाजूचा चालू होता, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आत्यानं पडद्यावरून नजर माझ्याकडे वळवली. "म्हंजी त्या चावीच्या डबड्यात कायच न्हवतं?"

"नाही."

"आन मी सकाळधरनं त्याच्याम्होरं पोट आत घिऊन उभी!" तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की पाणी आलं डोळ्यांत. "आईवर गेलाय मुडदा." मग डोळे पुसत म्हणाली, "ठिव. पर नावं येत्यात तितं माजं आदी, याचं मागनं." अण्णांनी "परत लाव" अशी हातानं खूण केली. आता पिक्चर तिथेच संपतो. गावात दाखवला तेव्हा तुला न ओळखणाऱ्यांना वाटलं असावं, "ती" म्हणजे त्या दोघांची आई असेल. कुणी विचारलं नाही, सगळे नुसते हसत होते, आणि मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "माजा भाव बी असाच हाय, शिंकतोय."

आता एक राहिलं. शूटिंग संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, आता एकदा खरा रोल भर. मी तुझ्यासारखी सावलीत पाठ केली, रोल भरला, उजेड मोजला, अंतर फितीनं मोजलं, दोघांना गिरणीच्या दारात उभं केलं आणि चावी संपेपर्यंत बटण सोडलं नाही. दोघं कशी उभी होती, आई! कुणी पोट आत घेतलं नव्हतं. तो रोल फ्रीजमध्ये आहे, आत्यानं दिलेल्या लोणच्याच्या बरणीमागे. मित्र विचारतो, धुवायला कधी पाठवतोस? मी म्हणतो, पाठवतो. ह्या कॅमेऱ्याची बघायची खिडकी बाजूला असते, लेन्स झाकलेली असली तरी तिच्यातून सगळं दिसतं. आणि संध्याकाळी पिशवी आवरताना लेन्सवर झाकण होतं. ते मी नंतर लावलं असणार. मी सगळं दोनदा तपासतो, हे तुला माहीत आहे. पण बांधून ठेवायला मला पदर नाही.

हा कागद तुझ्या टेबलाच्या खणातच राहील, बटर पेपरखाली. अण्णांनी मोटर बंद केली आहे, टेबल स्थिर आहे, तरी ही ओळ वाकडी येते आहे. झाकण काढलं होतं का, आई, ते मला खरंच आठवत नाही.