ऐंशीवर ठेवलेली नाडी

ढाणकी,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

शीलावहिनी,
जयभीम. इकडे सारे खुशाल. जैबुनबीचे गुडघे दुखतात, पण चालतं. कापसाची वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाहीत. वायंडिंगचं दुकान आता जावई आमिर बघतो. मला मोठ्या मोटारी आणि वेल्डिंगजवळ जायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. नलूच्या बाळाला माझी दुवा सांगा.

फोन न करता पत्र लिहितोय, याचं नवल वाटेल. फोनवर तुमचा आवाज आला की मी दुसरंच काही बोलतो.

छातीत मशीन बसवल्याचं तुम्हाला ठाऊक आहे, पण पुढचं सांगितलं नव्हतं. माझं हृदय दुबळं झालं होतं आणि वरचे कप्पे नीट ठोके न देता नुसते थरथरत होते. नागपूरच्या डॉक्टरांनी डाव्या खांद्याजवळच्या हाडाखाली काडेपेटीएवढी डबी ठेवून वायरी हृदयात सोडल्या. दोन्ही बाजू एकदम आवळून घ्यायचं तिचं काम. हृदय भलतंच पळायला लागलं तर झटका देऊन ताळ्यावर आणायचं, हे दुसरं.

पहिला झटका बाबारावच्या शेताजवळ बसला. भर दुपार होती. बांधावरून येताना ती विहीर दिसली आणि आतून कुणी छातीत लाथ मारावी तसा मी खाली बसलो. वहिनी, मी तीस वर्षं करंट खाल्ला आहे. तो बोटातून वर चढतो. हा आतून बाहेर आला.

दुसरा घरात बसला. नलूच्या लग्नाची तुमची पत्रिका आली होती. जैबुनबी मोठ्यानं वाचत होती. "कालकथित राजदीप यांची कन्या" असं तिनं वाचलं आणि माझ्या हातातली बशी खाली पडली. लग्नाला आलो नाही ते यामुळे. पायाच्या सुजेचं कारण खोटं होतं.

तिसरा, मी तुमचा नंबर लावत असताना.

जैबुनबी म्हणाली, "कोणाची तरी नजर हाय तुमच्यावर. ताईत आणू का?" मी नको म्हटलं. नजर कोणाची, ते मला कळलं होतं.

नागपूरला डॉक्टरांनी छातीवर यंत्र धरून डबीतली सगळी नोंद कागदावर काढली. तिन्ही तारखा, तिन्ही वेळा. ते म्हणाले, "या तीनही झटक्यांची गरज नव्हती. जिवाला धोका नव्हता. वरची थरथर एकदम वाढली, खालचे कप्पे तिच्यामागे पळाले आणि मशीन फसलं. त्या वेळी घाबरला होतात का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

गोळ्या वाढवून झाल्या, पण थरथर मशीनच्या मध्ये येतच राहिली. मग त्यांनी मांडीच्या शिरेतून तार नेऊन वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी जागाच जाळली. मी विचारलं, "म्हणजे मेन लाइन तोडून जनरेटरवर चालवायचं?" ते हसून म्हणाले, "अगदी तसंच. आता मशीनशिवाय भागायचं नाही. सध्या मिनिटाला ऐंशीवर ठेवलंय."

दम लागणं कमी झालं, सूज उतरली. झटका पुन्हा बसला नाही. म्हणून गेल्या महिन्यात हिंमत करून मारेगावला तुमच्याकडे आलो. तुम्ही चहा केला. समोर भिंतीवर राजदीपचा फोटो होता. तुम्ही म्हणालात, "नलूचे बाबा मनानं चांगले होते, पण बेफिकीर. विहिरीत उतरायच्या आधी ऑटोचा खटका बंद केला असता, तर लाइन आल्यावर मोटार आपोआप चालू झाली नसती. तुमी काय करणार होते, मुख्तारभाऊ?"

मी टेबलाखाली मनगट धरून बसलो होतो. ऐंशी. एकही ठोका पुढे नाही, मागे नाही. माझे तळहात ओले झाले, जीभ कोरडी पडली, आणि आत ते टिकटिक करत राहिलं, जणू त्या खोलीत मी नव्हतोच. मेलेल्या माणसाच्या छातीतही ही डबी ठोके देत राहते म्हणतात. मला वाटलं, तसाच मी तुमच्यासमोर बसून चहा पितोय.

"तब्येत चांगली दिसून राह्यली तुमची," तुम्ही म्हणालात.

परतताना एसटीत राजदीपचा आवाज ऐकला. पूर्वी तो दिवस आठवला की छाती धडधडायची आणि त्यात सगळं बुडून जायचं. आता छाती गप्प असते. आवाज स्पष्ट येतो. रोज येतो, भर उजेडात, शेजारी कोणी बोलत असलं तरी.

"थांब बे, मुख्—"

मी सगळ्यांना सांगितलं होतं की विहिरीतून काही ऐकू आलं नाही. ते खोटं होतं. ऑटोचा खटका राजदीपनं उतरण्याआधी बंद केला होता. माझ्यासमोर केला, वर मला म्हणाला, "मी सांगतो तवाच चालू कर." लाइन आली होती. तो कमरेएवढ्या पाण्यात केबलचा जोड बांधत होता. बाबाराव बांधावरून ओरडत होता की लाइन जाईल, लवकर करा. राजदीपनं खालून काहीतरी म्हटलं. मी ते "हो" समजून घेतलं. नीट विचारलं नाही. हिरवं बटण दाबलं. त्यानंतर ते "थांब" आलं, अर्धंच.

मग लोक धावत यायच्या आधी मी ऑटोचा खटका वर केला. हे चुकून झालं नाही, वहिनी. हात बरोबर त्या खटक्यावर गेला.

चौदा वर्षं तुम्ही त्याला बेफिकीर म्हणत आलात आणि मी मान हलवत आलो. नलूही तेच ऐकत मोठी झाली. तो बेफिकीर नव्हता. माझ्या बघण्यातला सगळ्यात सावध कारागीर होता. हे नलूला तुम्ही सांगा, किंवा मला समोर बोलवा, मी सांगतो.

आज सकाळी जैबुनबीला सांगितलं. तिनं भाकर टाकायची थांबवली आणि चूल विझवली. मग म्हणाली, "लिवा. पोस्टात मी टाकतो, तुमचा भरोसा नाही." सोमवारी ठाण्यात जाऊन हाच जबाब देणार आहे. लाइन आधीच आली होती हे बाबारावलाही ठाऊक होतं; त्याला कळवलं आहे.

माफी मागत नाही. तुम्हाला ती नाकारायचा त्रास कशाला.

पत्राखाली 'आपला' लिहायची रीत आहे. हात धजत नाही.

मुख्तार