धोट्याला सोडलेली जागा

शहापूर, बेळगाव
आश्विन वद्य पंचमी, शके १८५९

प्रिय नागोजी,

तुझं कार्ड पोचलं. आईला वाचून दाखवताना मी त्यातलं निम्मं गिळलं. ‘तुळशीच्या लग्नापर्यंत हात बसला नाही तर तुझा मागच बरा, असं मास्तर म्हणाले’ हे तिला ऐकवलं असतं तर तिनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नसता. आणि खाली बारीक अक्षरात तू लिहितोस की मास्तरांनी ब्यांडातून काढून टाकण्यापेक्षा आपणच निघून आलेलं काय वाईट! वा रे शूर! निपाणीला जाताना सगळ्या गल्लीला सांगत सुटला होतास, ‘आता आप्पांचा ड्रम माझ्या गळ्यात बघा’ म्हणून. आता त्याच गल्लीतून तो ड्रम चादरीत गुंडाळून आणणार का? मला राग आला, आणि मग वाईटही वाटलं. कार्डावर मावण्यासारखं नाही म्हणून पाकीट घेतलं आहे. जेवून, नीट बसून वाच.

आधी घरचं सांगते. आईचे गुडघे तसेच आहेत आणि तिचा हट्टही तसाच आहे. आप्पांच्या मागावर थोरले काका बसतात. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली तरी मागाच्या त्या खड्ड्यातून खोकल्याचा आवाज आला की मी अजून मान वर करते, आणि काका दिसले की उगाच त्यांच्यावरच चिडते. बिचाऱ्यांचा त्यात काय दोष! दिवाळी जवळ आल्यामुळं लुगड्यांना मागणी आहे आणि गल्लीत दिवसभर कान बधिर होतात. आपल्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून झाल्या की मी बाहेरच्याही भरते. वडगावचे परशराम विणकर सूत आणून टाकतात आणि बाजाराच्या दिवशी भरलेल्या कांड्या घेऊन जातात. फार बोलत नाहीत. शेजारच्या रुक्माबाईंना मात्र ते आले की नेमकं आपल्याकडचं ताक आठवतं.

आता तुझं दुखणं. तू म्हणतोस, मास्तर मोठे तोडे दाखवतच नाहीत, दुसऱ्यांना देतात, आणि तुला रोज तेच उजवा-डावा करायला बसवतात. मास्तर पलटणीतून आलेले, ते उगाच वेळ घालवतील होय? गाण्याची एक ओळ संपते, दुसरी लागायची असते, तेवढ्या जागेत ड्रमवाला जो तोडा उडवतो त्यावर लोक माना डोलावतात, हे खरं. आप्पा वरातीत तोडा घ्यायचे तेव्हा नवरा-नवरीला सोडून बायका आप्पांकडे बघायच्या. ‘यल्लाप्पाच्या अंगात येतंय’ असंसुद्धा लोक म्हणायचे. अंगात कसलं येतंय! आप्पांना फक्त चार हात यायचे. पाचवा आयुष्यात कधी शिकले नाहीत. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण तू त्यांच्या हातांकडे बघत होतास आणि मी त्यांचं तोंड ऐकत होते.

मी संकेश्वराहून परत आले ते दिवस तुला फारसे आठवत नसतील, तू लहान होतास. तिकडे मुदतीच्या तापानं ते गेले, आणि मी सोळाव्या वर्षी मोकळ्या कपाळानं आपल्या दारात येऊन उभी राहिले. घरात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायचे. मला ते अजिबात सोसायचं नाही. एकटे आप्पा पहिल्यासारखे ओरडायचे, ‘अंबू, कांडी ढिली भरलीस गं, डोळं कुठं हाईत?’ मी परसातल्या पडवीत कांड्या भरायचा रहाट घेऊन बसायची आणि संध्याकाळी माग थांबला की ते तिथंच घोंगड्याची वळकटी पुढ्यात घेऊन काठ्या चालवायचे. तोंडानं मोठ्यानं म्हणायचे, उजवा, डावा. मीही रहाट फिरवता फिरवता पुटपुटायला लागले. एक दिवस त्यांचा बोल चुकला आणि माझ्या तोंडून बरोबर निघाला. ते थांबले. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी काठ्या माझ्या मांडीवर टाकल्या आणि म्हणाले, ‘तोंडानं काय म्हंतीस, हातानं म्हण.’ नागोजी, संकेश्वराहून आल्यावर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी. आईला माहीत आहे. आणखी कुणाला नाही.

तर ते चार हात. पहिला एकेरी: उजवा, डावा, उजवा, डावा. दुसरा दुहेरी: उजवा उजवा, डावा डावा. तिसरा मिसळीचा: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. चौथा जोडीचा: मोठ्या ठोक्याच्या अगदी पुढं दुसऱ्या हाताचा एक बारीक ठोका, लहान पोर आईच्या पुढं धावतं तसा. झालं. तू हसशील, कारण मास्तर तुला हेच घोटून घेत असणार. पण आता तिसरा हात घे. प्रत्येक चौकडीतला पहिला ठोका जोरात मार, बाकीचे हलके. तो सुरळीत झाला की उजवी काठी ड्रमच्या कडेवर ने आणि डावी चामड्यावरच ठेव. हात तेच, काही बदलायचं नाही. ऐक मग काय होतं ते! कड धुम कड कड, धुम कड धुम धुम. ऐकणाऱ्याला वाटतं दोन माणसं वाजवताहेत आणि एकमेकांशी भांडताहेत. शेवटी दुहेरी हात दाबून वाढवत नेला आणि जोडीच्या ठोक्यावर सोडला, की तो झाला आप्पांचा तोडा. ज्याला तू लहानपणी भुताचा तोडा म्हणायचास ना, तोच.

पण तुझं अडतं कुठं ते मास्तरांना कळलेलं नाही, मला कळलंय. खंडेनवमीला तू घरी आला होतास. माग पुजलेले, गल्लीत एकही फणी हलत नव्हती. एरवी तू वाजवलंस तर शेजारपाजारच्या खटखटीत सगळं बुडून जातं, त्या दिवशी मात्र तुझा एकेक ठोका सुटा ऐकू आला. मी पुरणपोळ्या लाटत होते आणि माझं लाटणं तुझ्या तालावर चालेना. सारखं अडखळायचं. मी म्हटलं, हा लंगडतोय कुठं? लाटणं ठेवून ऐकत राहिले तेव्हा लक्षात आलं. उजवा पडला की डावा येण्याआधी तू जरा दम धरतोस. दर वेळी, तेवढाच. आणि ही खोड मला ओळखीची वाटली. उजव्या हातानं दोरी ओढायची, कांडी घेऊन धोटा पलीकडं पोचेपर्यंत थांबायचं, मग डाव्यानं फणी ठोकायची. अरे, लहानपणापासून तू मागावर बसलास, तुझा हात अजून धोट्याला जागा सोडतो! ड्रमवर धोटा नाही, नागोजी. कुणाची वाट बघतोस?

त्याच दिवशी सांगणार होते, पण तू लगेच मोटार गाठायला पळालास, आणि घरभर पाहुणे. शिवाय मला खात्री करून घ्यायची होती. नंतर आठवलं, आप्पा नेहमी डाव्यानं सुरुवात करायचे. इतर ड्रमवाले उजव्यानं करतात, हे डाव्यानं. मला तेव्हा वाटायचं ही त्यांची लकब असेल. आता कळतं, तेही विणकरच होते, त्यांचाही हात थांबत असणार. डाव्यानं उचललं की हाताला माग आठवत नाही. म्हणून तूही सगळे हात डाव्यापासून धर. खुर्चीवर बसू नकोस, मांडी घालून बस, नाहीतर तुझा पाय खाली मागाची पावडी शोधतो. तेही मी त्या दिवशी बघितलं. ड्रमवर नको, घोंगड्यावर कर, कारण घोंगडं काठी परत उडवून देत नाही, सगळं काम मनगटाला करावं लागतं. तोंडानं मोठ्यानं म्हण. खोलीतली पोरं हसतील, हसू देत. आणि सावकाश. इतकं सावकाश की तुला स्वतःचा कंटाळा यावा. वेग आपोआप येतो, तो बोलवायला गेलं की पळून जातो. मास्तरांना सरळ सांग की माझी आक्का असं असं म्हणते. रागावले तर रागावू देत, पण मला नाही वाटत रागावतील.

हे सगळं मी नुसतं बसून लिहीत नाही. रोज दुपारी आई जरा लवंडली की मी वळकटी पुढं घेते. माझ्या हाताला तुझी खोड नाही, रहाट गोल फिरतो, त्याला मध्ये थांबणं नसतं. पण सराव मोडला होता, मनगटं भरून आली. रुक्माबाई विचारून गेल्या, ‘काय गं अंबू, अवेळी कसलं कांडतीस?’ मी म्हटलं, मिरच्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी अशीच तंद्रीत वाजवत होते आणि परशराम सूत घेऊन पडवीच्या दारात येऊन उभे राहिलेले मला कळलेच नाहीत. कळलं तेव्हा मी काठ्या पदराखाली लपवल्या. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, ‘थांबिवलंसा कशाला? लई ग्वाड वाजत हुतं.’ मग त्यांनी सूत ठेवलं, आणि कांड्या न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी त्या न्यायला पुन्हा आले.

आता एवढं लांबलचक पत्र मी का लिहिलं ते सांगते. तुला वाटलं असेल, आक्काला आपली केवढी काळजी! आहेच, पण या खेपेला माझाही त्यात स्वार्थ आहे. परशरामांनी आईकडं माझ्यासाठी पाटाची मागणी घातली आहे. त्यांचं माणूस बाळंतपणात गेलं, घरी म्हातारी आणि एक चार वर्षांची पोर आहे. आईनं मला विचारलं आणि मी हो म्हटलं. कुणी भरीला घातलं म्हणून नव्हे, मला हवं आहे म्हणून. काका म्हणाले, बरं झालं, रीतीप्रमाणं रात्री उरकू, उजाडायच्या आत कुणाचं तोंड न बघता वडगाव गाठायचं, विधवेच्या पाटाला वाजप नसतं. मी म्हटलं, मी काय चोरी केली आहे, अंधारात तोंड लपवून जायला? परशरामही म्हणाले, ‘उजेडात चालू की. बघनाऱ्यास्नी बघू द्या.’ काका दोन दिवस रागारागानं फणी आपटत राहिले. शेवटी म्हणाले, ‘कुनी वाजवायला येत असंल तर काढा दिवसा. न आलं तर मुकाट रातच्याला.’ त्यांना ठाऊक होतं कुणी येणार नाही ते. आप्पांच्या ब्यांडातल्या माणसांना आई स्वतः जाऊन विचारून आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते म्हणाले, ‘वैनी, पाटाला वाजिवलं तर उद्या लग्नाला आमास्नी कोन बोलिवनार?’ मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. म्हणजे राहिलास तू. आप्पांचा ड्रम तुझ्याकडं आहे आणि भावानं बहिणीपुढं वाजवलं तर कुणी काय म्हणायचं! मार्गशीर्षातला दिवस धरला आहे, सकाळचा. तू पुढं, आम्ही मागं, शहापुरातून भर बाजारानं वडगावापर्यंत. मास्तरांकडून एक दिवस मागून घे, आणि मागायला तोंड राहावं म्हणून तोवर तिथून हलू नकोस. ब्यांड नको, शिंग नको, एक ड्रम पुरे, पण त्यात तोडे हवेत, आप्पांचे, सगळे. पहिल्या लग्नात मी एवढीशी होते की वरातीत आप्पा वाजवत होते आणि मी मामांच्या खांद्यावर झोपून गेले होते. त्यांनी माझ्यासाठी काय वाजवलं ते मला ठाऊकच नाही. या वेळी मी जागी असेन, नागोजी. ये, आणि वाजव.

तुझीच,
आक्का