गुऱ्हाळातली किंकाळी

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भांडायला समोर माणूस नाही याचीही आता सवय झाली. राग मात्र कमी होत नाही. लोक म्हणतात, मी हसतमुख माणूस. गिऱ्हाइकाशी असतोच. तुमच्याशी हसून बोलायची आज इच्छा नाही.

बोलपट येऊन चार-पाच वर्षं झाली होती. शाळेतली मास्तरकी सोडून तुम्ही सिनेमा काढायला निघालात. पाठीशी ना कंपनी, ना शेठ. गंगापूरच्या वाटेवरचं बंद पडलेलं गुऱ्हाळ घेतलंत आणि तांबट आळीतून घंगाळी, बंब, नळ्या आणून तिथे सिनेमातली प्रयोगशाळा उभी केलीत. मीही त्याच आळीतला. ठोक्यांनी आमची माणसं चाळिशीत बहिरी होतात, माझे कान मात्र तिखट राहिले. नुसत्या टिचकीवर भांड्याची चीर ओळखतो हे ऐकून तुम्ही मला आवाजाच्या यंत्रावर बसवलंत. शिकवलंतही तुम्हीच. आज रेडिओ-कर्ण्यांचं दुकान चालतं ते त्या शिकवणीवर. ते नाकारत नाही. म्हणून तर चीड जास्त येते.

गोष्ट मला तेव्हाही आवडली होती. डॉक्टरची प्रेयसी मरते, तो विजेच्या प्रवाहाने तिला परत आणतो आणि डोळे उघडताच ती किंकाळी फोडते. "मेलेल्याला ओढून परत आणलं तर तो हसेल का रे?" असं तुम्ही विचारायचात. प्रेयसीचं काम करणाऱ्या बाईला ती किंकाळी काही जमेना. बाई कळवणची, घरी एकटी आई, तीही आजारी. "हे नाटकातलं ओरडणं झालं," तुम्ही वैतागलात. मग ती टेबलावर निजलेली असताना, कॅमेरा चालू ठेवून, तुम्ही तिच्या कानाशी वाकलात. "बाई, कळवणहून निरोप आलाय. आई गेली."

मी कानावरचं यंत्र उपटून काढलं. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. आणि तुम्ही टाळ्या पिटत होतात! "मिळालं! उठा बाई, आई ठणठणीत आहे तुमची. खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, ठाऊक आहे ना?" आपल्याकडे म्हणतातच तसं. कुणीतरी पेढे आणले. बाई डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, तुमच्या जिभेवर निखारा ठेवीन एक दिवस." आणि तिनेही पेढा खाल्ला.

पुढे काही दिवसांनी बागेतला प्रसंग होता, दोघांचं प्रेम जमतं तो. बाई मोगरा माळून उभी, आणि तिचा मामा धुळीने माखून आत आला. "बाई, तुनी माय गई. चाल मनासंगे. सगळा तुनीच वाट दखी ऱ्हायनात."

बाई खळखळून हसली. "मामा, तुलाही शिकवून पाठवलं का मास्तरांनी? अरे, आज प्रेम करायचंय, आज रडायचं नाही!"

सगळे हसले. मामा बावचळून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. "मी काय खोटं बोलस का?"

त्याला कुणी शिकवलेलं नाही हे ठाऊक असलेला एकच माणूस तिथे होता, मास्तर. तुम्ही. तुम्ही वर उन्हाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आधी शॉट घेऊ. ऊन चाललंय." ऊन! नाशकात ऊन काय रेशनवर मिळत होतं? उद्या उगवलं नसतं? ती लाजली, गायली, सूर तसूभरही ढळला नाही. शॉट संपल्यावर तुम्ही जमिनीकडे बघत बोललात, "बाई, हा माणूस मी पाठवलेला नाही."

ती किंचाळली नाही. मामाची पिशवी उचलून चालू लागली. कळवणची मोटर तोवर निघून गेली होती. तिकडे लोकांनी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग दुसऱ्याच कुणीतरी अग्नी दिला. बाई परत आली नाही. उरलेला सिनेमा तुम्ही दुसरीला पाठमोरी उभी करून पुरा केलात. मला म्हणालात, "कला म्हणजे थोडं निष्ठुर व्हावंच लागतं." कला! स्वतःच्या आईचं सांगून पाहायचं होतं एकदा.

गेल्या आठवड्यात यात्रेतल्या तंबूवाल्याने कर्णा दुरुस्त करायला बोलावलं. पडद्यावर तुमचाच सिनेमा होता, रेघा पडलेला, मध्ये मध्ये तुटलेला. मी यंत्रापाशीच बसलो. टेबलावरची बाई डोळे उघडणार हे मला ठाऊक होतं. तो आवाज कुणाचा, कसा काढून घेतलेला, हे त्या गर्दीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. आवाजाचं बटण माझ्या बोटांखाली होतं. बंद करायचं ठरवूनच हात ठेवला होता.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून सांगतो. मागच्या लोकांना नीट ऐकू जात नव्हतं, मास्तर. मी आवाज वाढवला.