उलट्या धरलेल्या वह्या

वोल्फ्सबुर्ग, ऑक्टोबर २००६

प्रिय आई,

तुला जाऊन वर्ष होत आलं. तू असतीस तर फोनच केला असता, आणि तू आधी विचारलं असतंस, "जेवलीस का?" जेवले गं. पण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

माझं काम तुला कधी पटलं का? नवऱ्याच्या नोकरीपायी मोटारींच्या गावात राहायचं आणि मेलेल्या कारकुनांची अक्षरं कसली बघायची, म्हणायचीस. शेजारणीला मात्र ऐटीत सांगायचीस, पोरगी पाचशे वर्षांपूर्वीची सिरिलिक लिपीतली दानपत्रं वाचते. लबाड!

तर मोल्दावियाच्या दरबारातली दोन दानपत्रं होती. आमच्या प्राध्यापकबाई म्हणायच्या, अक्षर एकाच कारकुनाचं. मला वाटायचं, दोघांचं. प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यावर उभं आणि पुरावा काही नाही! एकाच कचेरीत शिकलेली माणसं, वळण तंतोतंत सारखं. डोकं पिकलं माझं.

मग तू आठवलीस. शाळेत शिकवून आलीस की मुलांच्या गृहपाठाच्या वह्या आधी उलट्या धरायचीस, अक्षर मुलाचंच आहे ना ते बघायला. वाचायला लागलं की फसायला होतं, म्हणायचीस. एकदा दादाची वहीही तशीच धरलीस आणि शांतपणे म्हणालीस, "अहो, निबंध छान लिहिलात हं." बाबा पेपरामागे गडप!

मीही दानपत्रांचे फोटो उलटे केले. शब्द गेले, नुसती शाई उरली, कुठे गडद, कुठे फिकी. एक जण शब्द पुरा करूनच लेखणी बुडवतो, दुसरा शाई संपेल तिथे, शब्दाच्या मध्येच. दोन माणसं होती, आई!

काल बाईंनी स्वतः फोटो उलटे धरून बराच वेळ पाहिले. "गेनाऊ," म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. जीव भांड्यात पडला. मग त्यांनी तळटीप वाचली. पद्धत कुणाची, तर मी लिहिलं होतं, माझ्या आईची. त्यांनी पेन्सिलीने ते खोडलं.

"आई हा संदर्भ होत नाही. नाव लिहा."

उभं गाव तुला बाई म्हणायचं, बाबा अगं म्हणायचे. तुझं नाव घ्यायचं कुणी? लिहिताना मलाच परकं वाटलं. सुमन. मग फार बरं वाटलं.

तुझी नात मीरा अजून मला जर्मनमध्येच उत्तरं देते. तुला राग यायचा त्याचा. पण शब्द देते, प्रबंधाचं पुस्तक छापून आलं की तुझ्या नावावर तिचं बोट ठेवून ते तिच्याकडून मोठ्याने वाचून घेईन. सरळ धरून.

जयभीम.

तुझीच,
प्रज्ञा