एकेचाळीस मिनिटं बारा सेकंद

व्हिलरे, २ फेब्रुवारी १९७०

ति. न्यूमादादास,
एडमेचा सा. न. वि. वि.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आमच्या जोझेतचं दृढीकरण आहे. धर्मपिता म्हणून रिवाजाचं घड्याळ तू द्यायचंस. छोटं, सोनेरी, बायकी पाठव. कार्टीला मात्र चंद्रावर गेलं तसलंच हवंय! तिच्या मनगटावर ते म्हणजे बशीच दिसेल.

शिवाय तिला घड्याळजीच व्हायचंय. शेजारचे जोबँ घड्याळशाळेचे मुख्याध्यापक, ते म्हणतात की मुलींनी केसाएवढ्या स्प्रिंगा जुळवाव्यात, अख्खं घड्याळ उघडणं मुलांचं काम. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तूच तिला समजाव.

वहिनींना नमस्कार. माया पातळ करू नकोस.
तुझी एडमे

ह्यूस्टन, १६ फेब्रुवारी

चि. एडमेस अनेक आशीर्वाद.

समजावणारा मी कोण? मीच बाबांचं न ऐकता इकडे पळालो. माझं स्वतःचं घड्याळ पाठवतोय, चंद्रावर गेलेल्याचं सख्खं भावंड. दोष एकच, सेकंद मोजणारा काटा अर्ध्या वाटेत बसकण मारतो. इथल्या दुकानदाराने ते खुळखुळ्यासारखं कानाशी हलवलं, तेव्हा मी हिसकावूनच आणलं. आपल्या घड्याळजी आर्मांकाकांकडून दुरुस्त करून घे. जोझेतला हात लावू देऊ नकोस, नाहीतर स्क्रू सूपमध्ये सापडतील. रोज सकाळी किल्ली मात्र तिनेच द्यावी.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझा दादा

व्हिलरे, २३ मार्च

ति. दादास सा. न.

तुझ्या घड्याळाने काल आमचं नाक कापलं. जेवायला पास्टर होते, आर्मांकाका होते, जोबँही होते. पास्टरांनी लाडाने विचारलं, प्रवचन कसं वाटलं? जोझेत म्हणाली, एकेचाळीस मिनिटं बारा सेकंद. पास्टरांचा घास घशातच अडकला. ह्यांनी टेबलाखालून तिला लाथ मारली, ती लागली मला. जोबँ मात्र मान डोलावून म्हणाले की बरोबर आहे. म्हणजे त्यांनीही मोजलं होतं!

मग घड्याळ दुरुस्त केलं म्हणून सगळे आर्मांकाकांचं कौतुक करू लागले. काका म्हणाले, माझ्याकडे ते आलंच नाही. जोझेतचे कान लाल झाले. जोबँनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि कॉफी थंड होईपर्यंत एकेक चाक निरखत राहिले. शेवटी म्हणाले, उद्या शाळेत ये, मुलांच्या वर्गाचा अर्ज भरायला. आज भरून आलो.

दादा, तुझ्यापासून काय लपवू? तीन रविवार दुपारी स्वयंपाकघरात तिच्याशेजारी दिवा धरून मीच बसले होते. घड्याळांच्या कारखान्यात तीस वर्षं स्प्रिंगा जुळवल्या, पण अख्खं घड्याळ मला कुणी उघडू दिलं नाही, घरी बाबांनीसुद्धा नाही. शेवटचा स्क्रू पोरीने माझ्या हातात ठेवला, तू लाव म्हणाली. मला रडू आलं, तरी तो नीट बसला.

लोभ आहेच, तो वाढता ठेव. आणि जमलं तर माझ्यासाठीही एक घड्याळ पाठव. बिघडलेलंच.

तुझी एडमे